गुडघ्याखालचा कृत्रिम पाय: एक पावसाळा काढल्यानंतर

"सॉकेट सैल झालंय, नवीनच करावं लागेल," म्हणत कृत्रिम पायाच्या सेंटरवाल्याने कोटेशन हातात ठेवलं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कप. गॅरंटीचं विचारलं तर म्हणे, ती कृत्रिम पायाची असते, तुमच्या स्टम्पची, म्हणजे उरलेल्या पायाची नाही! त्या रागातच सेंटरचा एक स्टार कापून हे लिहायला घेतलंय.

डावा पाय मधुमेहाने गेला. पीटीबी सॉकेट (गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर भार घेणारं), आत फोमचं लायनर म्हणजे मऊ अस्तर, खाली जयपूर फूट. कार्बनचं पाऊल घ्या म्हणून मागे लागले होते. पण मला देवळात अनवाणी जायचं असतं, बांधावरून चिखलात उतरायचं असतं. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६८च्या सुमारास जयपूरला हे रबरी पाऊल घडवलं तेच अशा वापरासाठी. सबंध पावसाळा तुडवलं, काही झालं नाही. पावलाला पैकीच्या पैकी.

डोकं उठवलं ते सॉकेटच्या आत स्टम्पवर घालायच्या मोज्यांनी. ऑपरेशननंतर कितीतरी महिने स्टम्प बारीक होत राहतो. त्यातही सकाळी फुगलेला असतो, चालून चालून दुपारपर्यंत उतरतो. म्हणजे सकाळी एक मोजा, जेवणानंतर दोन. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेला दुखायला लागलं की समजायचं, स्टम्प खोल गेलाय, मोजा वाढवा. स्टम्प पुरता आत बसतच नसेल तर एक काढा. एवढं साधं गणित, पण पाय देताना कुणी सांगितलं नाही. दिले दोनच मोजे. पावसाळ्यात ते वाळायचे कधी?

इथवर लिहून झालं आणि सरकारी रुग्णालयातल्या फिजिओ मॅडमकडे जाणं झालं. त्यांनी टेपने घेर मोजला, जुन्या नोंदीशी ताडला आणि म्हणाल्या, "काका, माप अजून उतरतंय. आत्ता नवीन सॉकेट केलंत तर तेही सैल होईल. सध्या आतून पॅड लावून घ्या." सेंटरमधल्या एका तरुण टेक्निशियनने तासाभरात फोमचा पॅड चिकटवून दिला, चहापाण्याइतक्या पैशांत. म्हणून कापलेला एक स्टार परत. तो त्या पोराचा, कोटेशनवाल्याचा नाही.

मॅडमच्या केसपेपरला मात्र पाच. रात्री क्रेप बँडेज आठच्या आकड्यात, टोकाला घट्ट आणि वर सैल. गुडघ्याखाली उशी अजिबात नाही, नाहीतर गुडघा वाकलेलाच आखडतो. रोज थोडा वेळ पालथं झोपायचं. नसलेला अंगठा रात्री ठणकायचा, त्यासाठी आरशासमोरचा व्यायाम दिला. मला गुण आला, सगळ्यांना येतोच असं नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं होतं.

पाय घेणार असाल तर फिटिंगनंतरच्या दुरुस्त्या आणि निदान सहा मोजे कोटेशनमध्येच लिहून घ्या, मग ॲडव्हान्स द्या. आमच्या सौ. जुन्या बनियनचे मोजे शिवायला निघाल्या होत्या. मोह मलाही झाला, पण शिवण रुतते आणि मधुमेहात जखम झालेली कळतही नाही. या एका ठिकाणी काटकसर नको.