व्हर्टिन घेण्याआधी ऑडिओग्राम काढा

गरगरतंय म्हटलं की मेडिकलवाला बहुतेक वेळा जी स्ट्रिप पुढे करतो, ती व्हर्टिनची. आतलं औषध बीटाहिस्टीन. ८, १६ आणि २४ मिलिग्रॅममध्ये मिळतं, आणि तेच औषध जेनेरिकमध्येही मिळतं. हे परीक्षण औषधाचं आहे, पाकिटावरच्या नावाचं नाही.

गोळी मुळात मेनिएरच्या आजारासाठीची. भोवळीचं मूळ आतल्या कानात असू शकतं, हे पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये मांडलं. आतल्या कानाच्या नळ्यांत एंडोलिम्फ नावाचा द्रव असतो. तो साचून नळ्या फुगतात. मग एका कानाला दडा बसतो, घूं असा आवाज सुरू होतो, ऐकू कमी येतं आणि खोली फिरायला लागते. उलट्याही होतात. झटका २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत चालतो आणि ओसरतो. ऐकू येणं सुरुवातीच्या काळात बरंचसं परत येतं, पुढे पुढे येत नाही.

आता गोळी चुकते कुठे? कूस बदलली किंवा मान वर केली की फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, ऐकण्याची तक्रार नाही, अशी चक्कर कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सरकल्याने येते. त्यावर उपाय डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागी नेण्याचा, म्हणजे एप्लीची कृती. पाच-दहा मिनिटांचं काम. बीटाहिस्टीनने ते कण हलत नाहीत, तरी महिनोन्महिने गोळी चालू असते. औषधाची बदनामी निम्मी इथून होते.

म्हणून आधी ऑडिओग्राम, म्हणजे प्रत्येक कानाला कोणता सूर किती मोठा केल्यावर ऐकू येतो, त्याचा आलेख. त्यात बघायची ती डावी बाजू, २५० ते १००० हर्ट्झ, म्हणजे खालचे, जाड सूर. मेनिएरमध्ये सुरुवातीला एका कानाची रेष तिथे खाली उतरलेली असते आणि उजवीकडे वर चढते. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा याच्या उलट, उजवीकडे घसरण. चाचणी साउंडप्रूफ बूथमध्येच व्हायला हवी, कारण बाहेरची घरघर खालचे सूरच आधी झाकते आणि चांगला कानही खराब दिसतो. मळ आधी काढून घ्यावा. कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून घेतलेली नोंद हवी, नाहीतर दोष पडद्याकडचा की आतला ते कळत नाही. खराब कान तपासताना चांगल्या कानात खरखर सोडली होती का, हेही विचारा. सोडली नसेल तर उत्तरं चांगला कानच देऊन बसतो. झटक्यानंतर लगेच एक आणि काही आठवड्यांनी दुसरा आलेख काढला, की चढउतार कागदावर दिसतो. एका कानाचंच ऐकणं कमी असेल तर कानाच्या नसेवर गाठ नाही ना, यासाठी डॉक्टर बहुधा एमआरआयही सांगतात.

निदान पक्कं झालं, तर गोळी कशी आहे? नेहमीचा डोस दिवसाला ४८ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे १६ ची तीनदा किंवा २४ ची दोनदा. जेवणानंतरच घ्यावी, उपाशीपोटी मळमळ आणि जळजळ होते. झोप आणत नाही, हा मोठा गुण. पोटात अल्सर किंवा दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, आणि फिओक्रोमोसायटोमा ही अधिवृक्क ग्रंथीची गाठ असेल तर घेऊच नये.

मात्र चालू झटका ही गोळी थांबवत नाही. तिथे स्टेमेटिलसारखं उलटी-चक्कर दाबणारं औषध लागतं, तेही दोन-तीन दिवसच. जास्त दिवस घेतलं तर मेंदूला तोल नव्याने सावरायला उशीर होतो आणि वयस्करांचे हात थरथरू लागतात.

झटके कमी करण्याचा पुरावा तर फारच पातळ. जर्मनीत २२१ रुग्णांवर नऊ महिने चाचणी झाली, निकाल २०१६ मध्ये आला: दिवसाला ४८ किंवा १४४ मिलिग्रॅम घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे, तिन्ही गटांत झटके सारखेच कमी झाले. हा आजार आपणहून थंडावतो, आणि श्रेय त्या वेळी जी गोळी चालू असेल तिला मिळतं. अमेरिकेत औषधाला सध्या मान्यता नाही. आमच्याकडून पाचपैकी अडीच, त्यातला एक निरुपद्रवीपणाचा.

तरी घ्यायची ठरली तर तीन महिन्यांची मुदत घाला आणि वही ठेवा: तारीख, झटका किती मिनिटं, कोणत्या कानाला दडा, आदल्या दिवशी लोणचं-पापड किती, कारण या आजारात मीठ कमी ठेवायला सांगतात. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम मिठात साधारण २ ग्रॅम सोडियम असतं. दिवसभराची मर्यादा तेवढ्यावरच संपते. वहीत फरक दिसला नाही तर गोळी वाढवत बसू नका. कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडचं इंजेक्शन हा पुढचा टप्पा. जेंटामायसिनचं इंजेक्शन झटके जास्त हमखास थांबवतं, पण उरलेलं ऐकू येणंही जाऊ शकतं, म्हणून ते नंतर.

चक्करेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसले किंवा हात लुळा पडला, तर स्ट्रिप बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तरी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.