कोलंबिया (मेरीलँड), अठरा महिन्यांनंतर: चार तारे, आणि टपालपेटीबद्दल सविस्तर

शाळा, तळी, झाडी, मॉल, बॉल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या मधलं ठिकाण, 2016 मध्ये एका मासिकाच्या यादीत देशात पहिला नंबर. इथे घर बघायला लागलेल्या प्रत्येकाला हे पाठ असतं, म्हणून ते परत लिहीत नाही. लिहायला दोन निमित्तं झाली. उन्हाळ्यात कोलंबिया असोसिएशनच्या (गावातल्या सामायिक जागा सांभाळणाऱ्या संस्थेच्या) ॲन्युअल चार्जचं बिल आलं आणि त्याच आठवड्यात टपालपेटीचं कुलूप अडकलं. बिल भरलं, पण कुलूप त्या बिलात येत नाही.

आधी बिलाचा हिशोब, कारण एजंट तो नीट सांगत नाहीत. घराचं जे सरकारी मूल्यांकन असतं त्याच्या निम्म्या रकमेवर, दर 100 डॉलरला 68 सेंट, असा कोलंबिया असोसिएशनचा चार्ज बसतो. मूल्यांकन 6 लाख असेल तर निम्मे 3 लाख, त्यावर 2,040 डॉलर. दर वर्षी. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, प्रॉपर्टी टॅक्स वेगळा. काँडो किंवा टाउनहाउसची स्वतःची असोसिएशन असेल तर तिची महिन्याची फी आणखी वेगळी. चार्ज थकला तर घरावर बोजा चढतो. तो घराच्या कागदांनाच जोडलेला आहे, त्यामुळे 'मला सभासद व्हायचं नाही' असं म्हणायची सोय नाही.

या पैशातून तळी, मोकळ्या जमिनी आणि सुमारे 150 किलोमीटरच्या पायवाटा सांभाळल्या जातात. पायवाटा खरंच उत्तम आहेत, तिथे माझी एक पैशाची तक्रार नाही. पोहण्याचे तलाव आणि जिम मात्र यात नाहीत. त्यांची मेंबरशिप वेगळी घ्यावी लागते, रहिवाशांना फक्त दर कमी. पहिल्या वर्षी बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो.

आता टपालपेटी.

कोलंबियात बहुतेक घरांच्या दाराशी टपालपेटी नसते. गल्लीच्या तोंडाशी एका स्टँडवर दहा-पंधरा कप्प्यांची एकत्र पेटी. प्रत्येक कप्प्याला आपलं कुलूप, आणि पोस्टमनकडे पूर्ण पुढचा दरवाजा उघडणारी वेगळी किल्ली. खाली एक-दोन मोठे पार्सलचे कप्पे. पार्सल आलं की त्या कप्प्याची किल्ली आपल्या कप्प्यात टाकलेली मिळते. ती लावून पार्सल काढायचं, मग किल्ली कुलपातच अडकून राहते. ती ओढायची नाही. नवीन माणसं जोर लावून ओढतात आणि तो कप्पा महिनाभर बंद पडतो.

हिवाळ्यात कुलपात पाणी शिरून गोठतं. गरम पाणी ओतू नका, तासाभरात तेच पाणी आत पुन्हा गोठतं आणि मग किल्ली वाकते. कुलपाचा डी-आयसर (बर्फ वितळवणारं द्रव) मारा. थंडी सुरू व्हायच्या आधी ग्रॅफाइटची पूड भरून ठेवली तर बहुतेक त्रास टळतो. स्वयंपाकाचं किंवा मशीनचं तेल घालू नका, ते धूळ धरतं आणि थंडीत घट्ट होतं. बर्फ पडल्यावर पेटीपुढची चार पावलं जागा गल्लीतल्यांनीच साफ करायची असते. पोस्टमनला पोचता आलं नाही तर टपाल त्या दिवशी येत नाही. घरापुढच्या फुटपाथचा नियम काउंटीचा आहे, पण पेटीपुढची जागा कुणा एकाची नसते, म्हणून ती हमखास राहून जाते.

कुलूप बिघडलं तर काय करायचं, हे पूर्ण लिहितो, कारण एका जागी कुठे मिळालं नाही. सगळ्यात आधी स्टँड कोणाच्या मालकीचा आहे ते पोस्टात जाऊन विचारा. काही स्टँड टपाल खात्याच्या देखभालीत असतात. तिथे ओळखपत्र आणि घराचा कागद दाखवून, फी भरून, पोस्ट नवं कुलूप बसवून किल्ल्या देतं. काही स्टँड गल्लीच्या किंवा टाउनहाउस असोसिएशनच्या मालकीचे असतात. तिथे कुलपाचा खर्च आपला. आपली किल्ली चालत असेल तर काम दहा मिनिटांचं आहे: दार उघडा, कुलपामागची चपटी क्लिप पकडीने बाजूला ओढा, कुलूप पुढून काढा, जुनं कुलूप दुकानात नेऊन त्याच लांबीचं घ्या आणि मागची पट्टी त्याच कोनात लावा. पट्टी उलटी बसली तर दार बंदच होत नाही. किल्ली हरवली असेल तर मात्र पोस्टमन पुढचा दरवाजा उघडेल तेव्हाच आतून हात घालता येतो, म्हणून त्याची वेळ गाठावी लागते. ड्रिलने कुलूप फोडण्याआधी पोस्टात विचारा.

चोरीचंही सांगायला हवं. पोस्टमनची ती एक किल्ली चोराच्या हाती लागली की अनेक स्टँड उघडतात, आणि मेरीलँडमध्ये असे प्रकार झाले आहेत. बाहेर पाठवायचा चेक स्टँडवरच्या आउटगोइंग फटीत टाकू नका, पोस्टाच्या आत जाऊन द्या. टपाल त्याच दिवशी काढा. गावाला जाताना टपाल थांबवायची विनंती करा, 30 दिवसांपर्यंत ते पोस्टात ठेवतात. रोज येणाऱ्या पाकिटांचे फोटो ईमेलवर पाठवायची पोस्टाची सेवा फुकट आहे, ती आधी चालू करा. पेटीपर्यंत चालत जायचं की नाही ते सकाळीच कळतं.

पहिले सहा महिने माझं मत एवढंच होतं: दोन हजार डॉलर घेणाऱ्या गावात दारात पत्र येत नाही, हा दोष, अर्धा तारा कमी. पुढे मत बदललं, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हे गाव वसवणारा बिल्डर जेम्स राउझ याने इथली सुमारे 14,000 एकर शेतजमीन गुपचूप, तुकड्या-तुकड्याने घेतली. 1963 मध्ये ते जाहीर केलं आणि 1967 मध्ये पहिली माणसं राहायला आली. घर विकताना वंश बघायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. घरविक्रीत भेदभाव करायला बंदी घालणारा देशाचा कायदा 1968 चा. मेरीलँडने गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी उठवली तीसुद्धा 1967 मध्येच. त्या काळात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या शेजाऱ्यांची भेट व्हावी म्हणून ज्या गोष्टी मुद्दाम आखल्या, त्यातली एक ही एकत्र टपालपेटी. चालत यायचं, थांबायचं, बोलायचं. वेगवेगळ्या धर्मांसाठी एकच प्रार्थनेची इमारत, हाही त्याच विचाराचा भाग.

पेटी आजही ते काम करते. संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान तिथे जी माणसं भेटतात ती दुसरीकडे कुठे भेटत नाहीत. बर्फाच्या दिवशी फावडं घेऊन पहिलं कोण येतं, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुठला प्लंबर प्रामाणिक आहे, हे सगळं तिथे कळतं. 2020 च्या जनगणनेत कोलंबियाची लोकसंख्या 1,04,681 होती आणि त्यात गोरे निम्म्याहून कमी. हा आकडा पेटीसमोर उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतो. त्यामुळे माझा अर्धा तारा इथे परत दिला.

पण त्याच पेटीने मला या गावाची खरी मर्यादाही दाखवली. एका स्टँडवर एकाच गल्लीची घरं असतात, आणि एका गल्लीतली घरं साधारण एकाच किमतीची. म्हणजे पेटीपाशी वर्ण मिसळतात, उत्पन्न मिसळत नाही. भाड्याच्या अपार्टमेंटमधला माणूस आणि मोठ्या घराचा मालक यांची गाठ पेटीवर पडायची नाही. ती पडावी म्हणून व्हिलेज सेंटर, शाळा आणि पोहण्याचा तलाव होते. आता एकेकाचं बघा.

व्हिलेज सेंटर: कोलंबिया दहा व्हिलेजेसमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये, विभागलेलं आहे. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीला किराणा दुकान, दवाखाना, केशकर्तनालय असलेला छोटा चौक, सगळ्यांनी चालत यावं असा. पुढे मोठी दुकानं स्नोडेन रिव्हर पार्कवेच्या बाजूला आली आणि लोक गाडी काढून तिकडे जाऊ लागले. लाँग रीच या व्हिलेजमधलं किराणा दुकान 2011 मध्ये बंद पडलं, 2014 मध्ये काउंटीला तिथला बराचसा भाग विकत घ्यावा लागला. जिथे किराणा दुकान टिकलं तिथे चौक जिवंत आहे, बाकी सगळं त्यावरून ठरतं. घर बघताना त्या व्हिलेजच्या चौकात शनिवारी सकाळी अकराला जाऊन उभे राहा.

शाळा: वाइल्ड लेक, ओकलंड मिल्स, हार्पर्स चॉइस या जुन्या व्हिलेजेसमध्ये अपार्टमेंट, टाउनहाउस आणि स्वतंत्र घरं जवळजवळ आहेत, अनुदानित भाड्याची घरंही याच वस्त्यांत पसरवून बांधली होती. रिव्हर हिल ही शेवटची व्हिलेज, तिथे बहुतेक मोठी स्वतंत्र घरं. 2019 मध्ये हॉवर्ड काउंटीत शाळांच्या हद्दी बदलण्याचा मोठा प्रस्ताव आला. गर्दी कमी करणं आणि गरीब घरांतल्या मुलांचं प्रमाण शाळाशाळांत जवळ आणणं, असे दोन्ही हेतू होते. रिव्हर हिलच्या हद्दीतली काही मुलं वाइल्ड लेक हायस्कूलला जावीत, ही कल्पना त्यात होती. दोन हायस्कूलांमधलं अंतर गाडीने थोडक्या मिनिटांचं, पण विरोध जबरदस्त झाला. विविधतेच्या नावावर घर घेतलेल्या लोकांनी एवढ्यावर अडून बसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. घर घेताना शाळेची हद्द कायमची धरू नका. पत्ता काउंटीच्या साइटवर टाकून आजची हद्द बघा, आणि पुढे बदलली तर आपल्याला चालेल का ते तेव्हाच ठरवा.

तलाव: वर सांगितलं तसं, पैसे वेगळे. एकत्र यायची जागा तिकिटावर गेली की कोण येणार नाही ते ठरून जातं. चार्ज थोडा वाढवून तलाव सगळ्यांना मोकळे करावेत, असं हात आखडता घेऊन खर्च करणारा माणूस असूनही मला वाटतं. एप्रिलमध्ये व्हिलेजच्या निवडणुका असतात, मतदान फार कमी होतं, त्यामुळे वीस-पंचवीस शेजारी ठरवून गेले तरी फरक पडतो.

बाकी थोडक्यात. इथे नगरपालिका नाही, महापौर नाही. रस्ता, कचरा, पोलीस, शाळा काउंटीकडे. पायवाट, तळं, मोकळ्या जागेतलं पडलेलं झाड असोसिएशनकडे. रस्त्यावरचा दिवा गेला तर खांबावरचा नंबर टिपून वीज कंपनीला कळवा, नंबराशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. पायवाटांवर बहुतेक ठिकाणी दिवे नाहीत आणि उन्हाळ्यात गवतात गोचीड असते, लाइम आजार इथे आहे, परत आल्यावर मुलांचे घोटे आणि गुडघ्यामागची जागा तपासा.

घराबाहेर काहीही बदलायचं असेल, म्हणजे रंग, कुंपण, डेक, शेड, तर व्हिलेजकडे अर्ज: जागेचा नकाशा, मापं, रंगाचा नमुना, लगतच्या शेजाऱ्यांच्या सह्या. डेकला काउंटीची परवानगी वेगळी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीवर मात्र राज्याच्या 2010 च्या कायद्याने सरसकट बंदी घालता येत नाही. कुठे बांधायची यावर अटी येऊ शकतात, आणि मोठ्या अपार्टमेंट इमारतींना तो लागू नाही. लॉनऐवजी स्थानिक झाडं लावायचा हक्कही 2021 च्या कायद्याने मिळाला, आणि तो कायदा इथल्याच एका बागेवरून झालेल्या वादातून आला.

जुनं घर घेत असाल तर विकणाऱ्याकडून व्हिलेजचं कंप्लायन्स लेटर (घर नियमांनुसार असल्याचं पत्र) क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, आधी मागा. आधीच्या मालकाने विनापरवाना बांधलेली शेड नंतर आपल्या गळ्यात येते. आणि घराच्या किल्ल्यांबरोबर टपालपेटीच्या दोन किल्ल्या, स्टँडचा आणि कप्प्याचा नंबर घ्या. सही करायच्या आधी पेटीपाशी जाऊन दोन्ही किल्ल्या लावून बघा. शक्यतो संध्याकाळी सहाला जा.