कयानी, धोबीतलाव: तिघींचं टेबल

मी डोंबिवलीहून येते. सीएसएमटीला उतरून आझाद मैदानाच्या कडेकडेने मेट्रो सिनेमापर्यंत चालत. नुसत्या ब्रून मस्क्यासाठी, म्हणजे लोणी लावलेल्या कडक पावासाठी, कुणी एवढी पायपीट करेल का? मी करेन. पण खरं म्हणजे मी येते ती माझ्या दोन मैत्रिणींसाठी, आणि त्यांच्याशी बोलायला याहून चांगली जागा मला मुंबईत मिळालेली नाही.

जेर महाल इमारतीतलं कयानी हे इराणी हॉटेल १९०४ सालचं. उंच छत, लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, गल्ल्याजवळ खारी-बिस्किटं. समोरचं बस्तानी हे इराणी हॉटेल बंद झालं, हे टिकलं याचं मला फार अप्रूप आहे.

चहा ‘पानी कम’ सांगा. ब्रूनचं कवच कडक, दातांना काम लावणारं; म्हणून तो चहात बुडवायचाच. आतला मऊ भाग चहा शोषून घेतो, लोणी वितळून कपावर तवंग येतो, आणि तो शेवटचा लोण्याचा घोट मला सगळ्यात आवडतो. खिमा पाव बोरिवलीवाली एकटी संपवते. गिरगाववाली शाकाहारी, तिला ब्रून आणि रास्पबेरी सोडा. मावा केक तिघींना. कागद सोलला की वेलचीचा वास येतो.

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे ओळखी अमाप. सोसायटीचं हळदीकुंकू, भिशी, बँकेचा ग्रुप. २०१९ च्या जुलैत यांची बायपास झाली तेव्हा ‘काळजी घ्या’चे शंभराच्या वर मेसेज आले. सगळ्यांनी मनापासूनच लिहिलं असणार. पण रात्री अकराला आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर माझ्याशेजारी येऊन बसली ती गिरगाववाली. पिशवीत इथलेच सहा मावा केक. “खा गं, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.” पहाटेच्या पहिल्या लोकलने बोरिवलीवाली आली आणि मला घरी आंघोळीला पिटाळलं. पुढचे नऊ दिवस दोघींनी पाळ्या लावून घेतल्या, मला न विचारता.

त्यानंतर मी भिशी सोडली. महिन्याचा पहिला शनिवार मात्र कयानीचा, दुपारी चारला. या दिवशी कुणाच्या मुंजीचं आमंत्रण आलं तरी मी जात नाही, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

दहा-बाराजणांचा गट घेऊन इथे येऊ नका, असं मी सांगेन. टेबलं जोडली की बोलणं फुटतं; या टोकाचं त्या टोकाला पोचत नाही. दोघं या, तिघं या. ज्याच्यासमोर रडायला संकोच वाटत नाही त्याला आणा.

येत्या पहिल्या शनिवारी आम्ही इथे नसू. बोरिवलीवालीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मी आदल्या दिवशीच येऊन सहा मावा केक बांधून नेणार आहे.