हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ की भजनी मंडळ?

बाबा गेल्यावर आईला साताऱ्याहून पुण्याला आणलं. तिची सकाळ नातवाच्या डब्यात जायची, संध्याकाळी आम्ही घरी असायचो. दुपारी दोन ते पाच मात्र घर तिला खायला उठायचं. वर्षभरात तिला तिन्हीकडे नेऊन पाहिलं.

हास्यक्लबात शिरणं सगळ्यात सोपं. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन हा प्रकार सुरू केला. आज तो बागाबागांत पोचलाय. हात वर करून 'हो हो, हा हा हा', दीर्घ श्वास, टाळ्या. बोलावं लागत नाही, म्हणून अबोल माणसाला बरा. हर्निया असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण वेळ सकाळची, आणि आईची सकाळ भरलेलीच होती.

संघाचा पसारा मोठा: वर्गणी, व्याख्यानं, सहली, सहस्रचंद्रदर्शनाचे सत्कार. बरेच संघ फेस्कॉमला, म्हणजे राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाला, जोडलेले आहेत. मृत्युपत्र, पेन्शन, आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा यातलं जाणणारं कुणीतरी तिथे भेटतंच. निवृत्त, बोलक्या माणसाला मी डोळे झाकून संघच सांगेन. बाबा वर्षभरात चिटणीस झाले असते! आई ज्या सभेला गेली तिथे मात्र बायका मागच्या दोन रांगांत होत्या आणि माईक पुढेच फिरत राहिला. शिवाय सभागृह पहिल्या मजल्यावर, तिचे गुडघे दुखरे.

भजनी मंडळ दुपारी तीनला, देवळाच्या ओसरीवर. पहिल्या दिवशी आई कडेला खुर्चीवर बसली. शेजारच्या काकूंनी टाळांची दोरी तिच्या बोटांना गुंडाळून दिली आणि दोन अभंग होईतो तिच्या हाताला हात लावून ठेका धरला. तिसऱ्या आठवड्यात आई घरी येऊन ज्येष्ठमध शोधायला लागली. काकूंचा घसा बसला होता.

म्हणून कार्यक्रमपत्रिका नंतर बघा. दिवसातली कुठली वेळ जड जाते ते आधी विचारा, मग तिथल्या पायऱ्या मोजा. देवाधर्मात मन नसेल तर जवळपास महापालिकेचं विरंगुळा केंद्र आहे का पाहा. कॅरम, वर्तमानपत्रं, बसायला बाकं असतात. दुपारी उघडं असतं का, तेवढं स्वतः जाऊन बघून या.