लेगोचे व्हिडिओ गेम: कच्च्या लिंबाला सांभाळून घेणारे कोणते?

लेगोचा व्हिडिओ गेम घरात येतो तो बहुधा दोघांसाठी. एक सहा-सात वर्षांचं मूल, आणि सोबतीला ताई, बाबा किंवा आजोबा. त्यातला एक जण तरबेज असतो आणि दुसरा कच्चं लिंबू. कधी कच्चं लिंबू ते मूल असतं, कधी आजोबा. म्हणून आमच्या लेखी या गेमची खरी कसोटी एकच आहे: कच्च्या खेळाडूला गेम कसं वागवतो? ग्राफिक्स, पात्रांची संख्या, कथेची लांबी हे सगळं नंतर. या कसोटीवर जुने, स्वस्त झालेले गेम नव्या चकचकीत गेमपेक्षा सरस ठरतात, आणि त्याला ठोस कारणं आहेत.

ट्रॅव्हलर्स टेल्स या ब्रिटिश स्टुडिओचा पहिला लेगो स्टार वॉर्स 2005 मध्ये आला. त्यात बसवलेला साचा पुढे अनेक वर्षं जवळपास तसाच राहिला. पात्राला चार हृदयं असतात. ती संपली की पात्राचे तुकडे होतात, थोडे स्टड (गेममधली नाणी) सांडतात आणि क्षणात ते पात्र तिथेच पुन्हा उभं राहतं. लेव्हल पहिल्यापासून सुरू होत नाही, ‘गेम ओव्हर’ची पाटी येत नाही. सांडलेले स्टड लगेच उचलले तर परत मिळतात. चंदेरी स्टड 10चा, सोनेरी 100चा, निळा 1000चा आणि जांभळा 10000चा, त्यामुळे लहान मूल रंगावरून किंमत पटकन शिकतं. दुसऱ्या खेळाडूने स्टार्ट दाबलं की तो मधेच सामील होतो, कंटाळून उठला की त्याचं पात्र कॉम्प्युटर सांभाळतो. जेवायला हाक आली म्हणून खेळ मोडत नाही.

भांडण लागतं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. जुन्या स्टार वॉर्समध्ये जवळ उभं राहून हल्ल्याचं बटण दाबलं की आपल्याच जोडीदाराला मार बसतो, त्याचे तुकडे होतात आणि स्टड आपल्या पायाशी पडतात. मुलांना हे पाच मिनिटांत कळतं आणि मग तेवढंच चालतं. उपाय साधा आहे. लेव्हलच्या शेवटी दोघांचे स्टड एकाच खात्यात जमा होतात, हे त्यांना सुरुवातीलाच दाखवून द्या. जोडीदाराला लुटून काहीच वाढत नाही हे पटलं की मारामारी पुष्कळ कमी होते.

मराठी घरासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा भाषेचा. 2012च्या लेगो बॅटमॅन 2पासून पात्रं इंग्रजीत बोलू लागली. त्याआधीच्या गेममध्ये सगळी कथा हातवारे, चेहरे आणि हुंकार यांवर चालते. मराठी आवाज यांपैकी कुठल्याच गेममध्ये नाही. त्यामुळे मराठी माध्यमातल्या पहिली-दुसरीच्या मुलाला बोलक्या गेममधले विनोद कळत नाहीत, मुक्या गेममधले सगळे कळतात. पहिल्या खरेदीसाठी लेगो हॅरी पॉटर, वर्षं 1 ते 4 (2010) हाच गेम आम्ही पुढे करू, त्यामागचं मोठं कारण हेच.

त्यात जादूची कांडी हेच एकमेव हत्यार आहे. वस्तूकडे तोंड करून जादूचं बटण दाबून धरलं की ती उचलली जाते, तुकडे आपोआप जुळतात, वाट उघडते. नेम अचूक लागावा अशी अपेक्षा नाही. हॉगवर्ट्समध्ये, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेत, वाट चुकली तर डोकं जवळजवळ तुटलेलं भूत पुढे जातं आणि मागे पुसट स्टडची रांग ठेवतं. ती धरून चालत राहायचं. अडखळायला होतं ते मंत्रांच्या चक्रात: नवा मंत्र शिकला की तो चक्रातून आधी निवडावा लागतो, आणि मूल जुन्याच मंत्राने त्याच वस्तूवर वार करत राहतं. काहीच घडत नसेल तर आधी चक्र उघडून पाहा. गेम जुना असल्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरच्या लॅपटॉपवरही सहज चालतो.

पडद्याच्या विभागणीबद्दल नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात. लेगो स्टार वॉर्स: द कम्प्लीट सागा (2007) मध्ये पडदा दुभंगतच नाही. दोघं विरुद्ध दिशांना गेले की कॅमेरा अडतो आणि मागे राहिलेला पुढच्याला खिळवून ठेवतो. लेगो इंडियाना जोन्स 2 (2009) मध्ये फिरती रेषा आली. दोघं जवळ असले की एकच पडदा, लांब गेले की मधून रेषा येते आणि कोण कुठे आहे त्याप्रमाणे कलते. हॅरी पॉटरमध्येही हीच पद्धत आहे. कल्पना हुशार आहे, पण 32 इंची टीव्हीसमोर जवळ बसलं की मोठ्यांना त्या कलत्या रेषेने गरगरतं. मुलांचं सहसा काही बिघडत नाही. नंतरच्या काही गेममध्ये ऑप्शन्समध्ये ही फिरती रेषा बंद करून सरळ उभी रेषा ठेवता येते. आजी-आजोबा खेळणार असतील तर पहिल्याच दिवशी ते बदलून टाका.

लेगो मार्व्हल सुपर हिरोज (2013) हा बोलका गेम असूनही यादीत वर आहे, कारण त्यातली कोडी रंगांवर चालतात. हिरव्या दांड्या असलेली जड वस्तू हल्कसारख्या ताकदवान पात्राने उचलायची. चंदेरी तुकडे फक्त स्फोटाने फुटतात, म्हणजे आयर्न मॅनची रॉकेट्स. सोनेरी तुकडे उष्णतेच्या झोताने वितळतात. एवढं माहीत असलं की संवाद कळले नाहीत तरी अडत नाही. पहिली लेव्हल ग्रँड सेंट्रल स्टेशनवर घडते, आयर्न मॅन आणि हल्क विरुद्ध सँडमॅन. बहुतेक मुलं इथे हल्क घेऊन चंदेरी वस्तूवर गुद्दे मारत बसतात. ती कधीच फुटणार नाही. उलट, जिथे कॉम्प्युटर दिसतो तिथे हल्क निरुपयोगी असतो, त्याला ब्रूस बॅनर, म्हणजे हल्कचं साधं माणसाचं रूप, व्हावं लागतं. पात्र बदलायचं बटण नुसतं दाबलं तर दुसरं पात्र मिळतं, दाबून धरलं तर त्याच पात्राचं रूप पालटतं. हा फरक आधी सांगा, अर्धा वैताग वाचेल.

याची दुखरी बाजू म्हणजे गेममधल्या मोकळ्या शहरावरून, मॅनहॅटनवरून, उडणं. वर जायला, खाली यायला आणि वेग घ्यायला वेगवेगळी बटणं लागतात, आणि इमारतीला धडकून घरंगळत जाणं नेहमीचंच. सराईत खेळाडूही या उडण्याच्या नावाने बोटं मोडतात. कच्चा खेळाडू सोबत असेल तर शहरात भटकू नका, लेव्हलमागून लेव्हल खेळा. अशा 15 लेव्हल कथेत आहेत. शहर नंतर एकट्याने पालथं घाला.

कथा संपल्यावर फ्री प्ले सुरू होतं आणि खरी मजा तिथे आहे. हवं ते पात्र घेऊन जुन्या लेव्हलमध्ये शिरायचं, आधी न उघडलेल्या वाटा उघडायच्या. लपवलेल्या लाल ब्रिक (विटा) मिळवून विकत घेतल्या की स्टड 2, 4, 6, 8 आणि 10 पट होतात. हे गुणक एकमेकांनाही गुणतात, म्हणजे पाचही चालू केले तर 3840 पट. म्हणून सुरुवातीचे स्टड रंगीबेरंगी पात्रांवर उधळू नका. पहिला गुणक घ्या, त्याच्या कमाईतून दुसरा. पात्रं मग ढिगाने घेता येतात.

लेगो सिटी अंडरकव्हर आम्हाला मनापासून आवडतो, पण तो मुळात एकट्याचा गेम आहे. 2013 मध्ये निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवर आला तेव्हा दुसऱ्या खेळाडूची सोयच नव्हती, ती 2017च्या आवृत्तीत आली. चेस मॅकेन हा पोलीस वेश पालटून कामं काढतो: चोराचा वेश घेतला की पहारीने दारं उघडतो, शेतकरी झाला की कोंबडी धरून छपरांवरून तरंगत खाली येतो, अग्निशामक दलाचा जवान झाला की आग विझवतो. गुन्हेगाराला तो ठार करत नाही, आपटतो आणि बेड्या घालतो. मोकळं शहर, गाड्या पळवणं, आणि तरीही रक्तपात नाही, असा गेम मोठ्या भावंडांच्या हातातले गेम पाहून हट्ट धरणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अगदी योग्य. दोघं खेळू लागले की मात्र गाडी चालवताना चित्र अडखळतं, आणि शहर लोड व्हायला बराच वेळ लागतो.

लेगो स्टार वॉर्स: द स्कायवॉकर सागा 5 एप्रिल 2022 रोजी आला. नऊ चित्रपट, 45 लेव्हल, दिसायला देखणा. जोडीने खेळायला मात्र आमच्या यादीत तो खाली जातो. कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला, त्यामुळे कॅमेरा फिरवायला कंट्रोलरची उजवी स्टिक (छोटी दांडी) सतत हातात हवी. दोन अंगठ्यांनी दोन कामं एकदम करणं सहा वर्षांच्या मुलाला जड जातं. त्यात पडदा उभा दुभंगलेला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अरुंद पट्टी. मोकळ्या ग्रहांवरची किरकोळ कामं इंग्रजी मजकूर वाचूनच समजतात. ऑनलाइन जोडीने खेळायची सोय गेममध्ये नाही. एक गोष्ट मात्र जरूर करा: पॉज मेन्यूतल्या एक्स्ट्राजमध्ये मंबल मोड आहे. तो चालू केला की संवाद जाऊन जुन्या गेमसारखे हुंकार येतात. दहा वर्षांच्या आणि पुढच्या मुलांना हा गेम बेलाशक द्या.

नव्यांपैकी लेगो व्हॉयेजर्स (सप्टेंबर 2025) अगदी वेगळा. लाल आणि निळा असे दोन इवलेसे ब्रिक, संवाद शून्य, आणि एकट्याने खेळता येतच नाही. उडी मारायची, विटांवरच्या गोल उंचवट्यांना चिकटायचं, जोडीदाराला चिकटून गडगडत पुढे सरकायचं. तीन-चार तासांत संपतो. भाषेची अडचण नाही, पण इथे प्रत्येक पायरीवर दोघांचं काम निम्मं-निम्मं आहे, त्यामुळे कच्च्या लिंबाला ओढून नेता येत नाही. धीर धरून थांबणारा जोडीदार हवा. फ्रेंड्स पासमुळे एकानेच विकत घेतला तरी दुसऱ्या घरातला खेळू शकतो, हे उत्तम. त्याच महिन्यात आलेल्या लेगो पार्टीत 60 छोटे खेळ आहेत आणि चौघे बसू शकतात. दिवाळीत चुलत-मावस भावंडं जमली की हाच काढा. लेगो होरायझन अ‍ॅडव्हेंचर्स (2024) मध्ये दोघांना एकच पडदा, स्थिर कॅमेरा, सोप्यापासून कठीणपर्यंत पातळ्या. खेळ छान, पण तुकडे जोडून काही घडवणं त्यात फारसं नाही.

घडवायचंच असेल तर लेगो ब्रिकटेल्स (2022). हा एकट्याचा गेम आहे आणि कंट्रोलरपेक्षा माऊसवर सोपा जातो. दिलेल्या तुकड्यांतून पूल बांधायचा, मग त्यावरून छोटा रोबो चालवून चाचणी. पूल मधोमध तुटतो तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावरच आलेला असतो. गवंडी विटा रचतो तसा प्रत्येक थर अर्ध्या तुकड्याने सरकवा, पूल टिकतो.

लेगो फोर्टनाइट फुकट आहे, पण तो ऑनलाइन आहे आणि त्यात खऱ्या पैशांचं दुकान आहे. मुलाच्या खऱ्या वयाचं खातं उघडा, पालकांचा पिन लावा, व्हॉइस चॅट बंद करा, मगच द्या.

खरेदीबद्दल. लॅपटॉपसाठी स्टीम या ऑनलाइन दुकानावर रुपयांत किंमत दिसते आणि मोठ्या सेलमध्ये जुने लेगो गेम खूप उतरतात, म्हणून घाई करू नका. मार्व्हल सुपर हिरोजला सुमारे 10 जीबी जागा लागते, स्कायवॉकर सागाला 40. इंटरनेटचे पूर्ण 100 एमबीपीएस मिळत असतील तर 40 जीबी डाउनलोड व्हायला तासभर, 30 मिळत असतील तर तीन तास. डिस्क हवी असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा हाजी अलीचं हीरा पन्ना. पीएस4 (प्लेस्टेशन 4)ची परदेशी डिस्क इथल्या कन्सोलवर चालते, पण तिचं जादा डाउनलोड (वाढीव पात्रं, लेव्हल) त्या प्रदेशाच्या खात्यालाच लागू होतं. वापरलेल्या डिस्कच्या डब्यातला जादा डाउनलोडचा कोड बहुधा वापरून झालेला असतो, त्याचे पैसे देऊ नका. पीएस3ची डिस्क पीएस4मध्ये चालत नाही, आणि डिजिटल आवृत्तीच्या पीएस5ला डिस्कची खाचच नाही. निन्टेंडो स्विचच्या डब्यावर ‘डाउनलोड आवश्यक’ असं छापलं असेल तर कार्डवर पूर्ण गेम नाही असं समजा.

जोडणी करताना लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला लावा आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. स्वस्त कंट्रोलरवर सहसा दोन मोड असतात. लेगोचे गेम कंट्रोलरला एक्स-इनपुट (एक्सबॉक्सच्या पद्धतीच्या) मोडमध्येच नीट ओळखतात. कंट्रोलर दिसतच नसेल किंवा पडद्यावरची बटणं हातातल्याशी जुळत नसतील तर आधी मोड बदलून पाहा. कंट्रोलर गेम सुरू करण्याआधी जोडा. एकच कंट्रोलर असेल तर एकाने कीबोर्ड घ्यावा आणि दुसऱ्याने कंट्रोलरचं स्टार्ट दाबावं. ते न दाबल्यामुळेच दोघं एकाच पात्राला ओढत बसतात. आजोबा पुण्यात आणि नातू मुंबईत असेल तर स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर (इंटरनेटवरून जोडीने खेळायची सोय) वापरा, गेम एकाकडे असला तरी पुरतो. ज्याच्याकडे गेम चालू आहे त्याचा अपलोड वेग चांगला हवा आणि शक्यतो वायफायऐवजी केबल.