गमबुटांचा उलटा स्टँड: जून ते फेब्रुवारी वापरल्यानंतर

आमचं घर नाशिकजवळच्या मखमलाबादच्या पुढे, बागेतच आहे. साडेचार एकर द्राक्ष, सगळी भारी काळी जमीन. बागेत उतरणारी घरची चौघं: सासरे (त्यांना सगळे नानाच म्हणतात), माझे मिस्टर, धाकटा दीर आणि मी. शिवाय पेठकडचं एक जोडपं वर्षभर आमच्याकडेच कामाला असतं. म्हणजे पावसाळ्यात दारात सहा जोड गमबूट, आणि प्रत्येक जोड गाऱ्याने लडबडलेला.

इतकी वर्षं ते ओट्यावर खिडकीखाली भिंतीला टेकवून ठेवत होतो. मध्ये एकदा ऑनलाइन चार कप्प्यांचा प्लास्टिकचा चप्पल स्टँड मागवला. त्याच्या कप्प्यात गमबूट उभा राहत नाही, आडवा ठेवला तर आतलं पाणी आतच राहतं, आणि ओल्या बुटांच्या वजनाने त्याचे सांधे महिन्याभरात निखळले. तो पैसा वाया गेला.

लोखंडी स्टँड करून घ्यायचं खरं कारण वेगळं आहे. आदल्या वर्षीच्या जुलैत पहाटे सहाला लाइट गेलेली होती. दिराने डावा बूट झटकून घातला, उजवा तसाच घातला. त्याची किंकाळी ऐकून मी चुलीपाशून धावत आले. बूट उपटून फेकला तेव्हा त्यातून करंगळीएवढा तांबूस विंचू बाहेर पडला. वीस मिनिटांत त्याचं बनियन घामाने भिजलं, हात बर्फासारखे गार पडले आणि उलटी झाली. कुणी मंत्र टाकायचं म्हणालं, कुणी पाय बांधा म्हणालं. नानांनी कुणाचंच ऐकलं नाही, गाडी काढायला लावली आणि सरळ नाशिकला नेलं. तिथे प्राझोसिनची गोळी दिली आणि रात्रभर नजरेखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असतो, पण जिवावर उठतो तो हा लहान लाल विंचू. तो चावला की हृदयावर ताण येतो, म्हणून वेळ घालवायचा नसतो. या विंचवावर प्राझोसिन वापरायचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पुढे आणलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. तेव्हापासून आमच्या घरात ते नाव आदराने घेतात.

त्या दिवसानंतर मी खिडकीखालच्या बुटांकडे नीट बघायला लागले. दिवसभर अंधारात दबून बसणाऱ्या जिवाला काय हवं असतं? अरुंद तोंड, आत ओल, आत काळोख, आणि जमिनीला लागून वाट. उभा ठेवलेला गमबूट म्हणजे तयार बीळच. त्यात बेडूक तर रोजच सापडायचे, आणि बेडकामागे साप येतो हे बागेत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. घोणस आमच्या बांधावर दर पावसाळ्यात दिसते.

तर जूनच्या पहिल्या आठवड्यात अंबडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून स्टँड करून घेतला. एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम, त्यावर दोन ओळींत बारा उभे गज. एकेक गज बारा एमएमचा, सोळा इंच लांब, किंचित मागे झुकवलेला. बूट त्यावर उलटा अडकवायचा, म्हणजे तळवा वर आणि तोंड खाली. खालच्या ओळीची पट्टी जमिनीपासून दीड फूट वर आहे. सगळा खर्च २,६०० रुपये, त्यात रंग आला. गजाची लांबी सोळाच का, तर आमच्या बुटांची उंची चौदा इंच आहे. दोन इंच जास्त असल्यामुळे बुटाचं तोंड खालच्या पट्टीला टेकत नाही आणि आत वारा फिरतो. वेल्डिंगवाला आधी बारा इंची गज लावत होता. तसे लावले असते तर तोंड बंद होऊन बूट आतून कुजले असते.

फायदा पहिल्याच आठवड्यात कळला. पाणी गळून जातं, जून ते फेब्रुवारीत एकाही बुटात बेडूक, झुरळ, विंचू सापडला नाही. तरी झटकायची सवय आम्ही सोडलेली नाही, आणि तुम्हीही सोडू नका. गजावरून मुंगी चढते, तसं आणखी काही चढणारच नाही असं मी म्हणणार नाही.

सगळ्यात उपयोगी निघाली ती फ्रेमच्या पायाशी जमिनीलगत वेल्ड केलेली अँगलची पट्टी. तिच्यावर तळवा घासायचा. आमची काळी माती ओली असली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून दगड होते. एका सकाळी एका ओळीतून फिरून आल्यावर मी माझा जोड काढणीच्या काट्यावर ठेवला: चिखलासकट ३ किलो ४०० ग्रॅम, धुतल्यावर १ किलो ९००. म्हणजे प्रत्येक पायाला पाऊण किलो माती. पट्टीवर चार वेळा पाय ओढला की त्यातली बरीचशी पडते. उरलेली लगेच पाण्याने धुवायची. ‘संध्याकाळी धुऊ’ म्हटलं की ती खिळ्याने खरवडावी लागते आणि तळव्याच्या खाचा फाटतात.

आता दोष सांगते.

पहिला: गज उघडे होते. रंग घासून गेला आणि दोन महिन्यांत बुटांच्या अस्तराला गंजाचे तांबडे डाग पडले. गजाचं टोक तळव्याला आतून टोचायचंही. यावर उपाय मिस्टरांना सापडला. ठिबकची जुनी सोळा एमएम लॅटरल, म्हणजे ओळीत पाणी नेणारी प्लास्टिकची नळी, पडून होती. तिचे तुकडे कापून गजावर चढवले आणि वरचं टोक दुमडून तारेने बांधलं. बरोबर घट्ट बसले. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं.

दुसरा: चिखल फरशीवर पडू नये म्हणून मी हट्टाने खाली पत्र्याचा ट्रे लावून घेतला होता. श्रावणात त्यात पाणी साचून राहिलं. एक दिवस उजेडात वाकून बघितलं तर त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ट्रेला भोकं पाडली तर ती गाऱ्याने बुजली. शेवटी ट्रे काढून टाकला आणि खाली खडी पसरली. खडीतून पाणी मुरतं, माती फावड्याने उचलता येते.

तिसरा: जागा. आधी स्टँड ओट्याच्या पश्चिमेला होता. पावसात चाललं, पण ऑक्टोबरचं ऊन दुपारनंतर थेट बुटांवर यायला लागलं आणि नानांचा जोड घोट्याच्या घडीवर कडक झाला. पीव्हीसीला उन्हाचा तडाखा सोसत नाही, लवचीकपणा जातो आणि जिथे वाकतं तिथेच चीर पडते. आता स्टँड उत्तरेला, पत्र्याच्या शेडखाली आहे. तिथे ऊन नाही, झड नाही, वारा आहे.

अस्तर वाळायचं काम मात्र उलटं टांगूनही झडीत होत नाही. पाणी गळतं, ओल राहते. त्यासाठी वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि रात्री झोपण्याआधी एकदा बदलायचे. चुलीजवळ बूट ठेवायचे नाहीत. दिराने एकदा ठेवला होता, त्याचा तळवा चोचीसारखा वर वळला.

बूट घराबाहेरच का, हा प्रश्न माझ्या जाऊबाईंनी सिडकोतून आल्यावर विचारला होता. शहरात दारातच काढतात, पायपुसण्यावर. आमच्याकडे प्रश्न नुसत्या चिखलाचा नाही. गोडी छाटणीनंतर (म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर) डावणी या बुरशीसारख्या रोगाच्या भीतीने फवारे सुरू होतात आणि बुटांवर बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या औषधाचे, निळसर ठिपके दिसतात. ते निदान दिसतात, बाकीची औषधं दिसतही नाहीत. रांगतं मूल असलेल्या घरात ते बूट उंबऱ्याच्या आत येता कामा नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बूट काढल्यावर साबणाने हात. आमच्या स्टँडच्या बाजूलाच नळ आहे, म्हणून हे रोज होतं. नळ परसात असता तर झालं नसतं.

आणखी एक गोष्ट वापरताना सुचली. दुसऱ्याच्या बागेत जाऊन आलो की ते बूट धुतल्याशिवाय आपल्या बागेत उतरायचं नाही. सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे जंत, मातीबरोबरच एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात. सल्ला द्यायला कुणी आलं की दीर आधी त्यांना पट्टी दाखवतो.

बूट उलटे असल्यामुळे कुणाचा जोड कुठला हे कळत नव्हतं. आमचे सगळे काळेच. तळव्याच्या टाचेवर ऑइलपेंटने ठिपके दिले: नानांना एक, मिस्टरांना दोन, असं करत सहापर्यंत. तळवा वरच असल्यामुळे लांबूनही दिसतात. नाना पहाटे बॅटरी घेऊन येतात, एक ठिपका बघतात, दोन्ही बूट फरशीवर दोनदा आपटतात, मगच पाय घालतात.

आता काढणी सुरू आहे, बाग कोरडी आहे आणि स्टँडवर धूळ बसली आहे. मजुरांच्या खोलीसाठी मात्र दुसरा स्टँड सांगितलाय. त्या जोडप्याचे बूट अजून आमच्याच स्टँडवर असतात आणि त्यांना रात्री अनवाणी तिथपर्यंत यावं लागतं. मण्यार रात्रीचीच फिरते, हे लक्षात यायला मला आठ महिने लागले याचं वाईट वाटतं. नव्या स्टँडला सहा गज, वेल्डिंगवाल्याकडेच लॅटरल चढवून. खाली ट्रे नाही. अँगलची पट्टी दोन्ही बाजूंना. आणि त्यांच्या दारावर एक दिवा, रात्रभर चालू राहील असा. मिस्टर पुढच्या सोमवारी माप द्यायला जाणार आहेत.