कोपनहेगन की बोम? क्वांटमचा कोणता अर्थ धरावा

क्वांटम यांत्रिकी, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचं भौतिकशास्त्र, शिकताना अनेकजण इथे अडतात: तिच्या गणितामागे खरं काय घडतं, याचा बोर-हायझेनबर्ग यांचा कोपनहेगन अर्थ धरायचा, की डेव्हिड बोमने १९५२ मध्ये मांडलेला? भाकितांवरून ठरवायला गेलात तर निकाल लागणार नाही. नेहमीच्या, आइनस्टाइनच्या सापेक्षतेविना चालणाऱ्या क्वांटम यांत्रिकीत दोघांची उत्तरं एकच येतात.

फरक कळतो तो चित्र काय उभं राहतं यात. १९८९ मध्ये जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी दोन वाटा खुल्या ठेवून इलेक्ट्रॉन एकेक करून पडद्याकडे सोडले. पडद्यावर आधी नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. हजारो जमले की त्यांतूनच पट्टे उमटतात. एकट्या इलेक्ट्रॉनला पट्ट्यांची जागा कशी कळते? कोपनहेगन म्हणतं, मोजण्याआधी त्याला ठरावीक वाटच नसते. बोमच्या मते प्रत्येकाला वाट असते, आणि क्वांटम गणितातली लाट त्याला वळवते. मला बोमचं उत्तर फार समाधान देतं, पण त्याची किंमत मोठी आहे: इथल्या कणाची गती दूरच्या कणाच्या जागेवर तत्क्षणी अवलंबून राहते. प्रकाशापेक्षा वेगाने काही पोचत नाही असं म्हणणाऱ्या सापेक्षतेशी याचा मेळ घालणं अवघड जातं. कोपनहेगनचं दुखणं वेगळंच. ‘मोजमाप’ नेमकं कधी घडतं, हे ते स्पष्ट सांगत नाही.

गणिताचे कष्ट? कोपनहेगनमध्ये निश्चितच कमी.

परीक्षा, प्रयोगशाळा किंवा क्वांटम संगणन हे ध्येय असेल तर कोपनहेगन घ्या. पडद्यामागे खरोखर काय घडतं हा प्रश्न झोपू देत नसेल, तर बोम वाचा, आणि सोबत दूरच्या कणांमधल्या अशाच संबंधांबद्दलचं, १९६४ चं जॉन बेलचं प्रमेयही.